पेवातला आवाज

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन मिरजेला झालं आणि त्यांचं बोलणं माझ्या अंगावर पडलं.

डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली होती. मानेला पुढे एक भोक, त्यातून श्वास, वर मलमलचा रुमाल. तोंडातून शब्द नाही. अण्णा पाटीवर लिहायचे. पण त्यांची बायको सुमन आंधळी. तिची नजर काचबिंदूने ऑपरेशनच्या पाच-सहा वर्षं आधीच गेली होती, आणि अक्षर तिला डोळे होते तेव्हाही येत नव्हतं. नवरा लिहिणार, बायकोला दिसणार नाही. मध्ये वाचणारं कुणीतरी पाहिजे. शेजारच्या खोलीत मी राहत होते. मी लोणंदची, चौथी पास, नवरा वारलेला, दिवसभर रिकामी. म्हणून मी.

हे मला कुणी विचारून ठरवलं नाही. पहिल्या दिवशी अण्णा पाटी घेऊन दारात आले, मी वाचून दाखवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असं करत तीन वर्षं गेली.

अण्णा सांगलीच्या हळदीच्या बाजारातले. एका अडत दुकानात त्यांनी जन्म काढला. पूर्वी हळदीचा सौदा तोंडाने होत नसे. अडत्याचा माणूस आणि व्यापारी एकमेकांचा हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचे. कुणी किती दिला ते बाजूच्याला कळायचं नाही. सगळ्यांचे हात घेऊन झाले की अडत्याचा माणूस चढा भाव मोठ्याने पुकारायचा. पुकारायचं काम अण्णांचं. पुकारण्याआधी ते एकदा खाकरायचे. बैलाने शिंग खांबाला घासावं तसा खरखरीत आवाज. तो आला की हमाल, व्यापारी, चहावाला, सगळे गप्प. भाव फुटणार हे सगळ्या मार्केट यार्डाला कळायचं.

ती सवय घरीही होती. जिन्यात आले की खाकरायचे, मग सुमन चहा टाकायची. जेवण मागण्याआधी खाकरायचे. भांडण्याआधी तर दोनदा. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि त्रास व्हायचा.

माणूस हिशेबी होता, चिकट नव्हता. नेहरू शर्ट पांढरा, पण नखांच्या कडा कायम पिवळ्या. कुठलीही वस्तू हातात आली की आधी झटकायचे. शेंगदाणे आणले तर पाखडून डब्यात. वर्तमानपत्र वाचून झालं की घडी घालून दोरी बांधून ठेवायचे. पोतं रिकामं झालं की झटकून परत द्यायचं, घरात ठेवायचं नाही. "कचरा साठवला की माल दिसत न्हाई," असं म्हणायचे. म्हणजे बोलता यायचं तेव्हा.

ऑपरेशननंतर ते खोलीत अडकले. गळ्याच्या भोकात धूळ जाता कामा नये, आणि आमच्या मागेच यार्ड. हंगामात हळदीची पूड वाऱ्यावर उडते, खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं तर पिवळं होतं. म्हणून खिडक्या बंद. चैत्रात सुद्धा बंद. सुमन एकदा जिन्यावरून पडली होती, जिना खडा आणि अंधारा, त्यामुळे ती खाली उतरणं सोडून बसलेली. दोघं त्या बंद खोलीत, वर पंखा. आणि दुपारी मी.

मी वाचायचे तशी वाचायचे. अण्णांचं अक्षर बाजारातलं, अर्धे शब्द खाल्लेले. मी एकेक अक्षर लावायचे. "सा...खर... सं...प." सुमन म्हणायची, "संपली व्हय? त्येंना सांगा आक्का, परवाच आणलीय म्हणावं."

"अगं ते बहिरे नाहीत. तुझ्या डाव्या हाताला बसलेत. त्यांना सांग."

तरी ती तोंड माझ्याकडेच करायची. तिचा दोष नाही. आवाज जिकडून येतो तिकडे आंधळं माणूस वळतं. अण्णा बोलायचे माझ्या तोंडून, म्हणजे तिच्या लेखी नवरा माझ्या बाजूला होता. अण्णा नुसते खाटेच्या कडेला बसून बघत राहायचे.

नवरा-बायकोत जे बोलणं असतं ते तिसऱ्याच्या तोंडून किती होणार. एकदा दोघांचं कशावरून तरी वाजलं. अण्णांनी भराभरा लिहिलं, माझ्यापुढे धरलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हाताने पुसून टाकलं.

"काय लिवलं हुतं?" सुमनने विचारलं.

"पुसलं त्यांनी."

"पुसलं म्हंजी कायतरी हुतंच की. वाचलं असंल तुमी."

"नाही वाचलं."

"वाचलं असंल," ती म्हणाली आणि आठवडाभर माझ्यावर रुसली.

बोटांचंही त्यांनी करून बघितलं. सुमनचा हात घेऊन वर टॉवेल टाकला. एक बोट दाबलं तर चहा, दोन दाबली तर जेवण. तिने हात ओढून घेतला. "मी काय गिऱ्हाईक हाय व्हय तुमचं?" पण खरं कारण ते नव्हतं. बोटांत आकडे मावतात. बाकीचं मावत नाही.

त्यांचा मुलगा दिलीप फौजेत होता, सिग्नलमध्ये, वायरलेसच्या कामावर. नोकरी पुरी करून पुण्याला एका कंपनीत लागला. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर निघाले त्यातला एक तो सांगलीला घेऊन आला. पत्त्यांचा डाव खेळत बसतील, वेळ जाईल, एवढाच त्याचा विचार. शंभर किलोच्या पोत्यासारखा दोघांनी धरून जिन्यातून वर चढवला. खाली डबा, वर टीव्ही, बाजूला दोन छोटे स्पीकर.

अण्णांनी पत्ते खेळले नाहीत. त्यांनी ट्रंक उघडून कॅसेटी काढल्या.

दिलीप लांबच्या छावणीत होता तेव्हा ही माणसं त्याला पत्राऐवजी कॅसेट पाठवत. सुमनला लिहिता येत नव्हतं, म्हणून टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचे. दिलीप ऐकायचा आणि सुट्टीवर येताना कॅसेटी परत आणायचा. अशा चौदा निघाल्या. त्यात अण्णांचा आवाज होता. अण्णांनी पाटीवर लिहिलं आणि मी दिलीपला वाचून दाखवलं: "यातले शब्द सुटे करून डब्यात भरायचे. पाहिजे तो शब्द वाजवायचा. हिला माझ्या आवाजात बोलायचं."

 दिलीपने वायर शोधली, टेप कॉम्प्युटरला जोडला आणि दोन दिवसांत बापाला सगळं शिकवलं. अण्णांनी वहीत एकेक पायरी लिहून घेतली. कुठे दाबायचं, काय दिसतं, मग कुठे दाबायचं.

अडचण जागेची होती. आवाज आहे तसा भरायचा तर त्याला वेव्ह म्हणतात. तो इतका जड की दोन कॅसेटींत डबा भरला. दुसरा प्रकार एमपी-थ्री. त्यात दहा पोत्यांचा माल एका पोत्यात बसतो. मी विचारलं, बाकीची नऊ पोती कुठे जातात. दिलीप म्हणाला, "मावशी, कानाला कळणार नाही असा जो आवाज असतो तो ते टाकून देतं."

"कुणाच्या कानाला?"

"माणसाच्या."

"कुठल्या माणसाच्या?"

तो हसला. अण्णांनी मात्र पाटीवर लिहिलं: "वेव्ह कच्चा माल. एमपी-थ्री पॉलिश." हळद शिजवून वाळवली की पिंपात घालून फिरवतात. वरची साल, मुळ्या, माती घासून जाते, हळकुंड चकचकीत होतं आणि वजनाने हलकं होतं. अण्णांना पटलं. पॉलिश केल्याशिवाय माल बाजारात कुणी आणत नाही.

एमपी-थ्रीतही प्रती होत्या, हलकी आणि भारी. अण्णांनी एकच वाक्य तीन तऱ्हेने भरलं आणि सुमनला समोर बसवलं. तीन ढीग मांडून व्यापाऱ्याला हात घालायला सांगावं तसे ते ताठ बसले. मीही बसले. वाक्य होतं, "आमी हितं सुखरूप हाय, काळजी करू नगंस."

आधी कच्चा वाजवला. सुमनचा हात मांडीवरून फिरत होता, तो तसाच थांबला. "ह्येच," ती म्हणाली. "ह्येच की."

मग भारी एमपी-थ्री. जुन्या कॉम्प्युटरला तो ओढवेना. सु-सु-खरू-रूप हा-हाय. "ह्ये त त फ फ का करत्यात?" सुमन म्हणाली. मला हसू आलं, अण्णांनी माझ्याकडे रागाने बघितलं.

मग हलका. न अडकता वाजला. पण आवाज पातळ आणि लांबचा, भांड्यात बोलल्यासारखा.

"पेवातनं बोलल्यागत वाटतंय," सुमन म्हणाली.

हरिपूरला जमिनीत खोल पेवं आहेत, हळद साठवायची. वर तोंड लहान, आत खोलीएवढी जागा. माणूस उतरवण्याआधी आत कंदील सोडतात. कंदील विझला तर आत हवा नाही. पेवात उतरलेला माणूस वरच्याशी बोलतो तेव्हा आवाज ओळखू येतो, पण माणूस जवळ आहे असं वाटत नाही.

कच्च्याला जागा नाही, भारी ओढवत नाही. अण्णांनी हलका घेतला. लिहिलं: "सवय होईल."

त्याच सुमारास साताऱ्याहून माझ्या मुलीचा निरोप आला. तिला नोकरी लागली होती, पोरं सांभाळायला मी कायमची हवी होते. मी सांगून टाकलं, दिवाळी झाली की मी जाणार. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. त्या बंद खोलीत तीन वर्षं दुसऱ्याचं बोलून माझा जीव उबगला होता. अण्णांनी पाटीवर फक्त 'बरं' लिहिलं आणि कामाचा वेग वाढवला. मी गेल्यावर पाटी वाचायला कुणी नव्हतं. तळमजल्यावरच्यांना मी येता-जाता सांगून बघितलं, कुणी कबूल झालं नाही.

उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी कॅसेटी साफ करण्यात घालवला. वाक्यं सुटी केली. प्रत्येक वाक्याच्या पुढचं-मागचं कापलं. खाकरणं, खुर्चीचा आवाज, भांडं पडलेलं, चिमणी, सुमनच्या बांगड्या, सगळं कचरा म्हणून काढलं. मग हलक्या एमपी-थ्रीत घालून कच्चा माल पुसला. एका कॅसेटला कॉम्प्युटर अख्खा दिवस दळत बसायचा. वहीत आकडे टाकले. सदतीस, जेवलास का. बावन्न, थंडीचं जपून ऱ्हा. आणि रिकामी पोती झटकून परत द्यावीत तशा त्यांनी त्या चौदा कॅसेटी गल्लीतल्या भजनी मंडळाला देऊन टाकल्या. मंडळाला कॅसेटी हव्याच होत्या.

वाजवायला लागल्यावर दिसलं की सगळी वाक्यं मुलासाठी आहेत. दुपारी कॉम्प्युटर म्हणायचा, "जेवलास का?"

"मी काय दिलीप हाय व्हय?" सुमन म्हणायची.

वाक्य वाजलं की ती मान वळवायची, पण अण्णांकडे नाही. टेबलाकडे. "थंडीचं जपून ऱ्हा," टेबल म्हणायचं. खोलीत घाम निथळत असायचा. "तुज्या आईचं बरं हाय." सुमन म्हणायची, "कुणाच्या आईचं?" अण्णा वही चाळत बसायचे. साडेतीनशे वाक्यं होती आणि त्यात बायकोला म्हणता येईल असं एकही नव्हतं. त्यांच्या मनातलं काय असेल ते असो, तोंडात तीच जुनी वाक्यं. बाहेर पडायला वाट नाही.

मग त्यांनी ठरवलं की तिचं नाव तरी घ्यायचं. नाव घेतलं की ती आपल्याकडे वळेल. पण चौदा कॅसेटींत तिचं नाव कुठेच नव्हतं. आमच्यात नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर नुसतं खाकरणं. मुलाशी बोलताना 'तुजी आई'. मग अण्णांनी 'सुखरूप' मधला 'सु' कापला. 'मन लावून काम कर' मधला 'मन' कापला. दोन्ही जोडले. चार दिवस जोडत होते. 'सु' चढा लागायचा, 'मन' खाली. मला ऐकवायचे, मी नाही म्हणून मान हलवायचे, ते पुन्हा जोडत बसायचे.

नवरात्राच्या आधी एका दुपारी त्यांनी नवा शर्ट घातला. मला पाटीवर लिहून दाखवलं, "तुम्ही वाचू नका." आणि वाजवलं.

"सुमन."

बरं जमलं होतं. पेवातून, पण अण्णाच.

सुमन दचकली. पदर ओढून बसली. "कोण हाय?"

 अण्णांनी पुन्हा वाजवलं. "सुमन."

"आक्का, खोलीत कोण बाप्या आलाय?"

"अगं अण्णा आहेत. त्यांचाच आवाज."

"त्येंचा न्हवं," ती म्हणाली. "ह्येंनी माझं नाव कवाच घेतलं न्हाई. बंद करा त्ये. मला भ्या वाटतंय."

अण्णांनी बंद केलं. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. पुढे दसरा होऊन गेला तरी टॉवेल निघाला नाही. तो नवा शर्ट त्यांनी दोन दिवस अंगातून काढला नाही. मला त्यांचा राग आला. एवढा बाजार कोळून प्यायलेला माणूस, आणि बायकोला काय ऐकायचंय ते तिला एकदाही विचारलं नाही. मग वाटलं, विचारणार कसं. माझ्याच तोंडून विचारावं लागलं असतं.

एकदा मी लसूण सोलत बसले होते. सुमनलाही दिला होता, तिला तो हाताने जमायचा. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुमन आपणहून म्हणाली, "आक्का, त्या मशिनीत एक चुकतंय बगा."

"काय?"

"खाकरत न्हाईत. ह्ये आदी खाकरायचं, मग बोलायचं. खाकरल्याबिगर ह्येंनी पाणी सुदीक मागितलं न्हाई कवा. त्ये मशीन एकदम बोलतंय, परक्यागत. मला कसं कळावं ह्येच हायत म्हणून?"

अण्णा उठून बसले. पाटी घेतली. खडू मोडला. लिहिलं: "सगळं कापलं."

मी सुमनला वाचून दाखवलं नाही. हे एक मी स्वतःच्या मनाने केलं.

अण्णांनी टॉवेल काढला, सगळ्या फायली पुन्हा वाजवल्या. साडेतीनशेत एक खाकरणं उरलेलं नव्हतं. माल फार साफ झाला होता. त्यांनी मला भजनी मंडळाकडे पाठवलं. मंडळाच्या माणसाने कॅसेटी दिल्या आणि म्हणाला, "लय भारी चालत्यात आक्का, तेराच्या तेरा भरल्या दोनी बाजूंनी." एक तुटली होती. बाकी सगळ्यांत टाळ.

मग अण्णांना ट्रंकेच्या तळाची एक आठवली. दुकानमालकाने नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा गंमत म्हणून सौद्यात चालू ठेवला होता, त्याची. ही अण्णांनी कॉम्प्युटरात भरलीच नव्हती. नुसता गलका, घाण माल. कॅसेटीला बुरशी धरली होती. त्यांनी कापसाने पुसली, हाताने फिरवली. काय निघालं ते मला ऐकवलं नाही. स्पीकरची वायर काढून कानाला लावायचं यंत्र जोडलं होतं. वहीतली पानंच्या पानं काट मारलेली मात्र दिसली. जागा करत होते. शेवटच्या पानावर एक ओळ होती, आकडा नाही. 'कच्चा.'

मी निघाले तो दिवस भाऊबिजेनंतरचा. रिक्षा खाली आली होती. सुमनने चिवड्याची पुडी हातात दिली आणि माझा चेहरा चाचपून बघितला. तीन वर्षांत तिने तो कधी चाचपला नव्हता. "बारीक हायसा की," म्हणाली. "आवाजावरनं तुमी जाड वाटायचा."

अण्णांनी पाटी धरली. "आक्का, जिन्यात दिवा नाही. सावकाश." मी ते मोठ्याने वाचलं, सवयीने. ते माझ्यासाठी होतं, वाचायची गरज नव्हती. मी पाटी त्यांच्या हातात दिली आणि बाहेर येऊन दार ओढलं.

चार पायऱ्या उतरले आणि मागून, त्या दाराआडून, बाजार ऐकू आला. हमालांची ओरड, कावळे, कुणाचं तरी हसणं, पोतं आपटलेलं. सगळं जवळचं. मग खाकरणं. बैलाने शिंग खांबाला घासावं तसं. मागचा सगळा गलका एकदम थांबला.

वर खाट करकरली.

"आलासा व्हय," सुमन म्हणाली. "बोला."

मग काही नाही. पुढचं वाक्य शोधायला त्या जुन्या कॉम्प्युटरला वेळ लागायचा, आत घरघर करायचा. ती तशीच थांबली असणार. मी एका हातात पिशवी आणि एक हात भिंतीला लावून उभी राहिले. घरघर चालू होती. खालून रिक्षावाल्याने हॉर्न दिला, लांबलचक, आणि तेवढ्यात वर काहीतरी बोललं गेलं.

तीन वर्षांत पहिल्यांदा अण्णा बायकोला काय म्हणाले ते मला कळलं नाही. मी उरलेल्या पायऱ्या मोजत खाली उतरले.